कोरडवाहू चिलीम

ताडपत्रीवर सोयाबीन पसरलं होतं आन् मी पायानं सरी पाडत इकडून तिकडं फिरत होते. खालचं दाणं वर आलं पायजे, वरचं खाली गेलं पायजे, त्याबिगर ऊन सगळ्याला सारखं लागत न्हाई. बघते तर पार कोपऱ्यात हातभर जागा कोणीतरी मोकळी केलेली. तिथं जुन्या पेपराचा कागद, कागदाच्या चार टोकांवर चार खडे, आन् मधी आमच्या मालकाची कळी उन्हाला घातलेली. गांजाची. मालक सोता शेजारी उकिडवे, हातात तुराटी, कोंबड्या हाकलायला. ज्या माणसानं जलमात सोयाबीनवरची कोंबडी हाकलली न्हाई, त्यो आज राखण बसला होता.

मी म्हणलं, अवो, उद्या पोतं भरताना ह्यातलं उलीसं सोयाबीनमधी गेलं, आन् लातूरच्या मोंढ्यात आडत्याच्या हाताला लागलं, तर काय सांगणार त्येला?

"सांगायचं काय," मालक म्हणले. "हुंगंल आन् गप बसंल."

मालकाचं नाव मी घेत न्हाई. गाव त्यास्नी भुजंगराव म्हणतंय. मी केवळाबाई. चौथी फेल हाय, पर ह्या घरातली भिंत बी मला इचारल्याबिगर पडत न्हाई. किल्लारीच्या भूकंपानं तेवढं इचारलं न्हाई, ते सोडा. त्याच्यानंतर सरकारनं दिलेल्या ह्या घरात सून सत्यभामा आली, लेक बालाजी कर्ता झाला, नात वर्षाराणी शिकून लातूरला गेली, सगळं माझ्या शब्दावर झालं. माझ्या हुकमाबाहेर ऱ्हायली ती एकच वस्तू, मालकाची चिलीम.

आता कोणी म्हणंल, केवळाबाई, गांज्याला बंदी हाय. हाय ना. मला ठावं हाय, मालकाला ठावं हाय, आन् गावच्या पोलीस पाटलाला तर लईच ठावं हाय, कारण त्येच्या बापाची चिलीम देवळामागच्या वट्ट्यावर ह्यांच्याच शेजारी पेटायची. कुठनं आणतेत, ते मी कदी इचारलं न्हाई. जे इचारलं की घरात खोटं शिरतं, ते इचारू ने.

पर वढणं राहिलं बाजूला, ह्यांची मिजास बघा. कळी वाळली पायजे ती कशी, तर उन्हाळ्यातल्या कडब्याच्या पानावानी. चिमटीत धरली की कुरकुरली पायजे. तळव्यावर अंगठा फिरवला की भुगा, काडी येगळी, बी येगळं. उलीशी जरी बोटाला चिकटली तर म्हणणार, ही कळी न्हाई, शेंबूड हाय. पोलीस पाटलाचा म्हातारा बिचारा काडी-बियासकट, मिळंल तशी वढायचा, त्येला हे माणसात धरायचे न्हाईत. मालकाचं म्हणणं, वाळल्याबिगर कुठलीच वस्तू खरी होत न्हाई. जवारी बघा, तूर बघा, शेणी बघा. वल्ली असंस्तोर सगळी गोड बोलती, वाळली की खरं वजन कळतं. मी म्हणायची, मंग माणसाचं बी तसंच का? तर म्हणायचे, तू कवाच वाळलीस, म्हून तर तुझ्यावर इस्वास हाय. असल्या कौतुकावर मी पन्नास वर्सं काढली.

ही झाली आमच्या घरची गोष्ट. घरात होती तवर कोणाला काय तरास नव्हता. पर वर्षाराणीची सोयरीक निघाली आन् ही कुरकुरती कळी पार मांडवाच्या दारात आडवी पडली.

वर्षाराणी लातूरला औषधाच्या दुकानात कामाला हाय. डाळ मिलमधला शिवम नावाचा पोरगा तिथं डोकेदुखीची गोळी घ्यायला यायचा. त्येचं डोकं कसं, तर हिची सुट्टी असली की दुखायचं न्हाई. दुकानाच्या मालकाला बी कळलं, पर त्येचा माल खपायलाय, त्यो कामून बोलंल? शेवटाला वर्षाराणीनं घरी मलाच आधी सांगितलं. बापाला न्हाई, आईला न्हाई. म्हणली, आजी, तू हाव म्हणलीस की बाबा म्हणतेत. पोरगी हुशार हाय, पाणी कुठल्या पाटातनं येतं ते तिला म्हायती.

पोराची मी सगळी चौकशी केली. घर निलंग्याकडचं, तेरणा नदीच्या काठाला. ऊस, घरचं गुऱ्हाळ, दारात म्हशी. माणसं सोज्वळ. फकस्त एक, की घरात शब्द चालतो तो आज्ज्याचा. व्यंकटराव त्येचं नाव. त्यानं मान हलवली की हो, न्हाई हलवली की न्हाई, मधी कोणाचं काय चालत न्हाई. म्हणलं, असंना, आपल्या घरात तरी दुसरं काय हाय.

तर व्यंकटराव, त्येंची सून म्हंजी शिवमची आई, आन् शिवम असे जीप करून पोरीला बघायला आले. पोहे झाले, च्या झाला. व्यंकटरावांनी वर्षाराणीला एकच इचारलं, की बाई, गूळ चांगला हाय का न्हाई ते तू कशावरनं वळखशील? पोरगी म्हणली, मला न्हाई कळत आजोबा, तुम्ही शिकवा. म्हातारा असा खूश झाला की मिशीतल्या मिशीत हसायला लागला. मला वाटलं, झालं, सुपारी फोडायला हरकत न्हाई.

पर चिलीम वढणाऱ्याला चिलीम वढणारा बोटाच्या टोकावरनं कळतो. दोघांची बोटं पिवळी. दोघांनी एकमेकाच्या बोटाकडं बघितलं, आन् मालक म्हणले, पाव्हणे, चला, आमची जनावरं दाखवतो. आमच्या दारात एक म्हैस आन् एक वासरू. एवढी जनावरं बघायला अर्धा घंटा कामून लागतो, ते सगळ्यांना कळलं.

माझ्या चुलीपुढच्या खिडकीतनं गोठा सरळ दिसतो. ती खिडकी मी सांगून ठिवून घेतलेली हाय. मी भाकरी थापत बघायले.

चिलमीच्या बैठकीची एक रीत हाय. घरधन्यानं कळी मळायची, पाव्हण्यानं पैला झुरका घ्यायचा. आन् पैल्या झुरक्याला जो खोकला, त्यो कच्चा. मंग बैठक उठंस्तोर त्यानं दुसऱ्याची चिलीम भरायची, चिलमीच्या बुडाचं फडकं, साफी म्हणतेत ती, भिजवायची, इंगळ धरायचा, आन् वर गावभर नाव होतं ते येगळंच. ह्या रीतीपायी भले भले गडी डोळ्यातनं पाणी काढतेत पर खोकत न्हाईत.

मालकानं रीतीपरमाणं कळी मळली. कुर्रकन् आवाज खिडकीपतोर आला. तळव्यावरचा भुगा मोठ्या मानानं पाव्हण्यापुढं धरला. व्यंकटरावांनी चिमूट उचलली, बोटात फिरवली, आन् फुंकर मारली. भुगा उडाला, वासराच्या नाकात गेला, वासरू शिंकलं.

"भुजंगराव," ते म्हणले, "हे चिलमीत भरायचं का दाताला घासायचं?"

मालकाचं तोंड मी मागनं बी वळखते. मान ताठ झाली.

मंग व्यंकटरावांनी दस्तीची गाठ सोडली. आतमधी विड्याच्या पानात गुंडाळलेली त्येंची कळी. ती कशी, तर अंगठ्यानं दाबली की दबून राहणारी, सोडली की हळूहळू फुगणारी. खारकंवानी न्हाई, खजुरावानी. त्येंनी सांगायला सुरवात केली, की कळी जिवंत पायजे, बोटाला धरून बसणारी. गुळाची कढई उतरवताना जशी एक घटका असती, तार बोटाला येती पर थेंब पडत न्हाई, त्या घटकंला उतरवलेली पायजे. वाळकी कळी म्हंजी जळकी काकवी, घसा तेवढा सोलून निघतो.

मालकानं ती कळी हातात बी धरली न्हाई. लांबूनच बघितली आन् इचारलं, ही पेंड म्हशीला घालायची का?

तिथनं पुढं जे सुरू झालं, त्येला कलागत म्हणत्यात. वल्ली कळी चिलमीत दहा बार इझती, भिजल्या शेळीवानी वास मारती, असं हे म्हणायले. वाळकी एका झुरक्यात राख होती, पाव्हण्याला निस्ता धूर दाखवून उठवायची ही कंजूस माणसाची युगत, असं ते म्हणायले. इथवर ठीक होतं. दोन म्हातारे कळीवर भांडले, सोडून द्यायचं. पर भांडण कळीवरनं जमिनीवर कवा उतरलं, ते त्येंना बी कळलं न्हाई.

"कोरडवाहू माणसाला वलाव्याचं काय कळणार," व्यंकटराव म्हणले. "जलम ढगाकडं बघण्यात गेलेला."

"हाव, गेला," मालक म्हणले. "पर मान वर करून गेला. पाटाच्या पाण्यावर वाढलेली माणसं उन्हात उभी केली की वाकतेत."

"असल्या कोरड्या घरात आमचं पोरगं जेवायला बसलं तर घास तरी उतरंल का घशाखाली?"

हे ऐकून माझी भाकर तव्यावर करपली. माझ्या घरात, मी चुलीपुढं बसलेली असताना, घास उतरायचा न्हाई म्हणतो. पर मी उठायच्या आत व्यंकटराव उठले. दस्ती झटकली, खांद्यावर टाकली. सत्यभामानं पान-सुपारीचं ताट पुढं केलं, तर हात न लावता म्हणले, कळवतो. आमच्याकडं कळवतो म्हणून पान न घेता गेलेला पाव्हणा पुन्हा कळवत नसतो. जीप गेली. शिवम मागच्या शिटावरनं काचंतनं बघत ऱ्हायला, जशी बाजारात इकलेली कालवड बघती.

वर्षाराणी रडली न्हाई. तिनं ताटं घासली, अंगण झाडलं, मंग माझ्याजवळ येऊन बसली. म्हणली, आजी, मी शिवमला सोडून दुसऱ्याशी करणार न्हाई, आन् आजोबाला दुखवून त्येच्याशी बी करणार न्हाई. म्हंजी हिशेब असा झाला, की पोरगी घरात बसणार, आन् ते बी दोन म्हाताऱ्यांच्या चिमटीपायी.

मालकाला मी लई सुनावलं. म्हणलं, नातीच्या जलमाचं सोनं व्हायलंय आन् तुमी पाल्यावर भांडता? ते बाजेवर पडून आढ्याकडं बघत ऱ्हायले. वाईट त्यास्नी बी वाटायलं होतं, ते मला कळत होतं. भाकर अर्धी सोडायचे, वर्षाराणी समोर आली की उठून शेताकडं जायचे. पर आधी आपण बोलावं, हे त्येंच्या हाडात न्हाई. म्हणायचे, मी कामून फोन करू? वल्ल्या कळीची माफी मागू?

मंग मी शिवमच्या आईला फोन लावला. बाई मोकळी निघाली. म्हणली, मामी, आमच्यात बी तीच तऱ्हा हाय. मामंजी गुऱ्हाळावर जाऊन बसतेत, जेवायला बोलावलं तर भूक न्हाई म्हणतेत. पोरगी त्येंच्या मनात भरलीय, घडीघडी म्हणतेत, शिकवा म्हणली, किती गुणाची. पर फोन करा म्हणलं की म्हणतेत, आधी त्यो कोरडवाहू बोलू दे.

तर अडलं होतं ते एवढ्याच जागी. दोघांच्या पोटात हो, पर जो आधी बोलला त्यो हारला.

शिवमनं लातूरहून एक युगत काढली. फोनवर मला म्हणला, आजी, आमच्या मिलमधी वलावा मापायचं मशीन हाय. तूर आली, हरभरा आला की आम्ही मापतो. दोघांची कळी मापू, आन् मधला आकडा दोघांनी मान्य करायचा. मी म्हणलं, बाळा, पोरगा गुणाचा हाईस, पर मशीन घेऊन आलास तर आधी ह्या दोघांच्या डोक्यात घालून बघ, काटा हालतो का. त्यो हसला. पोरगं हसतं तरी, म्हणलं, ह्या घरात टिकंल.

शेवटाला शिवमच्या आईनं आन् मी दोघींनी ठरवलं, की कोणी कोणाला बोलवायचं न्हाई. केवळाबाईनं येसर केलंय, आमटी खायला या, एवढंच सांगायचं. येसर म्हंजी आमटीचा मसाला, आमच्याकडं लग्नाच्या घरी भाजतेत. सोयरीक जमायच्या आधी येसर घातलं म्हणून सत्यभामा घाबरली. मी म्हणलं, तू मिरच्या निवड, जमवायचं माझ्याकडं सोड.

ते यायच्या आधी तीन दिस परतीच्या पावसानं बसकण मारली. वरनं मोठा पाऊस न्हाई, निस्ती झिमझिम, आन् हवा अशी दमट की पापड डब्यात वाकले, काडी घासली की गूळ फुटावा तशी फुटायची, सोयाबीन ताडपत्रीखाली उबायला लागलं. अशात मालकाची कळी कुठनं कुरकुरणार? त्यांनी डबी उघडली आन् कोणी मेल्यावानी बसून राहिले. कळी वल्लीगच्च, बोटाला चिकटायली.

मला हसू आलं. म्हणलं, बरंच झालं की, पाव्हण्याला अशीच आवडती, देवानंच जमवून दिलं.

"खुळी हाईस का," मालक म्हणले. "म्हणंल, शेवटी आलाच भुजंग माझ्या वाटंवर. त्येच्यापुढं वल्ली कळी धरण्यापेक्षा मी माळकरी होतो."

त्या सकाळी आम्ही बायका येसरासाठी मिरच्या भाजल्या. लोखंडाच्या कढईत तेलाचं बोट फिरवून, ह्या भागातल्या लाल मिरच्या, पार काळपट होईस्तोर. सगळ्या घरात ठसका. सत्यभामा पदर तोंडाला लावून बाहीर, बालाजी बाहीर, कोंबड्या बाहीर. मिरच्या काढून घेतल्या आन् कढई तापलेली तशीच गोठ्याच्या वळचणीला नेऊन ठिवली, निवली की घासू म्हणून. आत मसाला कुटायला बसलो.

पाणी आणायला म्हणून मी उठले, तर खिडकीतनं काय दिसावं. मालक वळचणीला उकिडवे. तीच कढई. त्या कढईत कळी पसरलेली, आन् मालक लाकडाच्या चमच्यानं ती हळूहळू हालवायलेत, जसा बाळंतिणीचा डिंक परतावा. मोतीबिंदूचे डोळे, त्यास्नी काळ्या कढईला चिकटलेली जळकी मिरची काय दिसणार. वास म्हणावा तर सगळ्या घरालाच मिरचीचा वास, त्यात कढईचा येगळा कसा कळणार.

मी बाहीर गेले. चांगल्या मनानं गेले, देवाची आण. म्हणलं, अवो, ती कढई...

"तू गप," मालक म्हणले. "बायकांनी ह्या कामात जबान चालवू ने. वाळायलीय बघ कशी. ऐक, ऐक आवाज."

कळी कुरकुरत होती, खरं हाय. मी म्हणलं, बरं. आन् आत गेले.

लगीन झाल्यापासनं मालकानं गप म्हणलं आन् मी गप बसले, असं पैल्यांदाच घडलं. त्यास्नी तितंच शंका यायला पायजे होती.

दुपारी पाव्हणे आले. व्यंकटराव आमटी दोन वाट्या जास्त प्याले, घास बरोबर उतरला, पर मालकाशी एक शब्द न्हाई. मालक बी भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघून जेवले. ताटावरनं उठल्यावर दोघं दोन दिशेला तोंड करून उभे. शिवमची आई माझ्याकडं बघती, मी तिच्याकडं. वर्षाराणी दारामागं.

मंग मालकच म्हणले, भिंतीला म्हणल्यावानी, की म्हैस व्यायला झालीय, कोणाला बघायची असंल तर बघावी.

व्यंकटराव म्हणले, तेबी दुसऱ्या भिंतीला, की म्हशीवर आपला काय राग न्हाई.

दोघं गोठ्यात गेले. मी खिडकीत. ह्या बारीला शिवमची आई बी माझ्या शेजारी येऊन बसली, सत्यभामा तिच्या मागं. कढईचं मी कोणाला सांगितलं न्हाई. सांगून काय करणार, गप बस म्हणून सांगितलेलं.

मालकानं कळी मळली. आवाज असा आला, असा आला, की व्यंकटरावांची भुवई वर गेली. त्येंनी चिमूट घेतली, पर ह्या बारीला फुंकर मारली न्हाई. चिलीम भरली, साफी गुंडाळली, मालकानं इंगळ धरला, आन् पाव्हण्यानं पैला झुरका घेतला. मोठा घेतला. बागायतदार माणूस, त्येला थोडकं जमत न्हाई.

झुरका आत गेला आन् व्यंकटराव थांबले. तोंड मिटलेलं. मान लाल, कान लाल, मंग टक्कल लाल. डोळ्यातनं पाण्याच्या धारा लागल्या. पर खोकले न्हाईत. पैल्या झुरक्याला खोकायचं, ते बी कोरडवाहूच्या गोठ्यात? मेले तरी न्हाई. तसेच बसून त्येंनी चिलीम पुढं केली, आन् डोळ्यांनी सांगितलं, घ्या.

मालकाला काय वाटलं असंल? त्यास्नी वाटलं, पाव्हण्याला वाळकं मानवलं, आनंदानं डोळं भरून आलं. म्हणून त्यांनी तर त्याहून मोठा झुरका घेतला.

त्येच्यानंतर मालकाचं तोंड जे झालं, ते मी सांगत न्हाई, किती झालं तरी नवरा हाय. एवढंच सांगते, की त्यास्नी कळलं. कढई कळली, मिरची कळली, आपण मला गप बसवलेलं बी कळलं, कारण त्यांनी खिडकीकडं बघितलं. पर आता कबूल कसं करणार? खोकावं तर कच्चा. सांगावं तर तोंड उघडायचं, आन् तोंड उघडलं की खोकला. दोघंही मिटल्या तोंडानं एकमेकाकडं बघायले, धारा वाहायल्या. व्यंकटरावांनी आधाराला हात लांब केला, मालकानं त्यो घट्ट धरला. दोघं एकमेकाचा हात दाबून डुलायले.

"अगं माय," शिवमची आई म्हणली. "मामी, बघा की, मामंजी रडायलेत. आमची सासूबाई गेली तवा बी ह्या माणसाच्या डोळ्यात पाणी न्हाई आलं."

सत्यभामानं तर पदरच लावला डोळ्याला. म्हणली, आमचे मामंजी बी बघा, नात जाणार म्हणून कसे गदगदायलेत. मी म्हणलं, हाव, मायाच लई.

ही घटका सोडली तर पुन्हा येत न्हाई, हे मला चौथी फेल असून कळलं. मी तशीच गोठ्यात गेले, मागं दोघी सुना, त्येंच्यामागं बालाजी आन् शिवम. मी दोघांच्या पुढ्यात उभी ऱ्हायले आन् मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं इचारलं, की आता लेकरांना अजून किती ताटकळत ठिवायचं. सोयरीक पक्की धरायची ना? कोणाला काय बोलायचं असंल तर आत्ताच बोला.

बोलणार कोण?

दोघांनी एकाच वक्ती मान हलवली. जोरात हलवली, कारण मी लवकर जावं आन् त्यास्नी खोकता यावं. पर हलवली. आधी कोणी बोललं न्हाई, आन् मागं कोणी ऱ्हायलं न्हाई.

बालाजीनं तितंच सुपारी फोडली. सत्यभामा गूळ घेऊन आली, शिवमच्या आईनं वर्षाराणीच्या कपाळाला कुंकू लावलं, पोरगी दोघा आज्ज्यांच्या पाया पडली. त्येंनी आशीर्वाद दिला तो बी मुका, डोक्यावर हात ठिवून. पोरीला वाटलं, गहिवरलेत.

मी सगळ्यांना म्हणलं, चला आत, म्हाताऱ्यांना उलीसं मोकळं सोडा, त्येंचं मन भरून आलंय. सगळे आत गेले. मी खिडकीपाशी आले, पाण्याचा तांब्या भरायला म्हणून.

मंग ते खोकले. असे खोकले, की वासरू दावं तोडून अंगणात आलं आन् म्हैस त्येच दिवशी व्याली. आतल्यांना वाटलं, अजून रडायलेत. आठ दिस दोघांचा आवाज बसलेला होता. गावात मालक सांगत फिरायचे, की पाव्हण्याला आपली वाळकी कळी अशी मानवली, अशी मानवली, की त्येच्या डोळ्यात पाणी आलं. तिकडं निलंग्याला व्यंकटराव काय सांगत असतेत, ते शिवमच्या आईनं फोनवर सांगितलं. म्हणतेत, भुजंगराव कोरडवाहू असला तरी माणूस आतनं वल्ला निघाला.

लगीन आता तुळशीच्या लग्नानंतरचं धरलंय. रोज सकाळी च्या पिताना मालक बशी फुंकत, माझ्याकडं न बघता, हळूच इचारतेत, का गं, तू तवा खिडकीत व्हतीस, आधी कोण खोकलं? मी खोकलो का त्यो? आन् दोन दिसाआड व्यंकटराव फोन करतेत, मांडव केवढा घालायचा, आचारी कुठला सांगायचा, असं कायबाय बोलतेत, आन् ठिवता ठिवता म्हणतेत, इहीणबाई, एक इचारायचं व्हतं.

मी बघितलंय. आधी कोण खोकलं ते मला पक्कं ठावं हाय. पर मी दोघांना एकच सांगते, की अक्षता पडू द्या, मंग बघू. तवर दोघं कसे सुतासारखे सरळ वागायलेत. अक्षता पडल्यावर बी सांगंल का न्हाई, ते अजून मी ठरवलेलं न्हाई. पोरगी त्या घरात नांदायचीय.